जबानीचा ज

लातूर
९ मार्च १९८६

ती. पंचफुलामावशीस,
सिंधुचा जयभीम.

कलेक्टर कचेरीतल्या टायपिस्टच्या जागेसाठी मी लातूरला आले, ती जागा अजून 'विचाराधीन' आहे. जिल्हा होऊन चार वर्षं होत आली तरी इथं बरंच काही विचाराधीन असतं. पाट्यांवर नवा रंग मारलाय, पण ऊन तिरपं पडलं की खालचं 'जि. उस्मानाबाद' वर येतं. त्यासाठी खेटे घालता घालता मला दुसरंच काम मिळालं. आणि ते तुझ्या खात्यातलं आहे, म्हणून आईच्याही आधी तुला लिहिते आहे.

डॉ. भुजंगराव मुरुडकर म्हणून आहेत. गोलाईच्या मागं त्यांचा दवाखाना आहे. सकाळभर पेशंट तपासतात आणि दुपारी जेवून आरामखुर्चीत पडल्या पडल्या टेपमध्ये बोलून ठेवतात. कोणाला काय होतंय, काय तपासलं, काय सापडलं, पुढं सोलापूरला कोणाकडं पाठवायचं, सगळं इंग्रजीत. दुसऱ्या दिवशी मी कानाला हेडफोन लावून ते ऐकते आणि टाइप करते. आवाज फक्त मला ऐकू येतो. खोलीत टाइपरायटर वाजत असतो, बाहेर रिकाम्या घागरी वाजत असतात, आणि माझ्या कानात एक माणूस हळू आवाजात लोकांच्या पोटातलं सांगत असतो. कधी कधी वाटतं मी विहिरीच्या तळाशी बसले आहे आणि वरून कोणीतरी बोलतंय.

साहेबांचा नियम एकच. न कळलेला शब्द अंदाजानं टाइप करायचा नाही. जागा मोकळी सोडायची, वर पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढायचं. ऐकायला सोपं आहे. पण आमचा कंपाउंडर व्यंकटी म्हणाला, "आदीच्या पोरानं लई जागा सोडल्या बघा. सायेब म्हनले, ह्ये पान हाय का चाळनी? दुसऱ्या दिवशी आलंच न्हाई त्ये." दिवाळीपर्यंत माझं काम बघून मग कायम करणार आहेत. नाही केलं तर भोकरला परत. दादांनी माझ्यासाठी शिलाई मशीन बघून ठेवलंय, आणि मशीनबरोबर मुलगाही.

तर मावशी, तुझ्या त्या जाड डिक्शनरीत दोन शब्द बघ. एक 'बोरबोरिग्माय'. साहेब गंमत करताहेत का? दुसरा, एका म्हाताऱ्याला 'डिसफेजिया' आहे. माझ्याकडच्या पुस्तकात तसे दोन आहेत, एका अक्षराचा फरक. कोणता घेऊ?

तुझी
सिंधु


नांदेड
१७ मार्च १९८६

चि. सिंधु,
जयभीम आणि पोटभर आशीर्वाद.

शाबास गं पोरी. माझ्या खात्यात आलीस आणि इंजेक्शन न देता, बेडपॅन न उचलता आलीस. नशीब काढलंस.

डिक्शनरी मेट्रनबाईंची आहे. तिचा पुठ्ठा सुटला म्हणून मी तिला जुन्या एक्स-रेच्या फिल्मचं कव्हर घातलंय. कव्हर उजेडाला धरलं की कोणाच्या तरी बरगड्या दिसतात. त्या बरगड्या उघडून तुझे शब्द बघितले.

बोरबोरिग्माय खरा शब्द आहे. पोटातली गुडगुड. आपल्याकडं म्हातारी माणसं 'पोटात गाडी चाललीय' म्हणतात तेच. तेव्हा एक लक्षात ठेव, या धंद्यात शब्द कितीही चमत्कारिक वाटला तरी तो खरा असतो. मीसुद्धा पहिल्या वर्षी हसले होते आणि ट्यूटरबाईंचा मार खाल्ला होता.

दुसऱ्याचं असं. एकात जेवणाचा ज आहे, एकात जबानीचा ज. जेवणाचा ज ऐकू आला तर घास अडतोय. जबानीचा ज ऐकू आला तर शब्द अडतोय, बोलायचं ते तोंडातून निघत नाही. टेप पुन्हा ऐक. म्हाताऱ्याला गिळायला त्रास होतो म्हणाले असतील तर जेवणाचा घे. हे मी नर्सिंगच्या पोरींना असंच शिकवते. इंग्रजी पुस्तकात असं शिकवलेलं नाही आणि शिकवताही येणार नाही, त्यांच्याकडं दोन ज कुठायत?

पाण्याचं कसं आहे? आणि तिथं माठ एकच आहे का वेगळा, ते न लाजता लिही.

तुझी
पंचफुलामावशी


लातूर
२ एप्रिल १९८६

ती. मावशीस जयभीम.

जेवणाचाच ज निघाला. आता म्हातारबुवांची आठवण आली की मला जेवणाचं ताट दिसतं.

माठ एकच आहे. साहेब स्वतः त्याच माठातलं पितात आणि ग्लास स्वतः विसळून ठेवतात. नळ आठवड्याला येतो, कधी येतही नाही. टँकर दुपारी येतो आणि चौकातून हॉर्न वाजवतो. खिडकीला वाळ्याचा पडदा आहे पण त्यावर पाणी मारायचं नाही अशी साहेबांची सक्त ताकीद आहे. पाणी आधी पेशंटला. कोरडा वाळासुद्धा थोडासा वास देतो. त्या वासात त्यांचा आवाज ऐकत बसलं की दुपार कुठं जाते कळत नाही.

टेपमध्ये ते कधी मधेच थांबतात. मग नुसता श्वास ऐकू येतो, पंख्याची घरघर, लांबून कावळा. टेप फिरत राहते. पुढं सरकवायचं माझं धाडस होत नाही. न जाणो, मधेच एखादा शब्द असला तर? आणि तसा असतोच. परवा म्हणाले, "लिव्हर हाताला लागत नाही." मग बराच वेळ श्वास. लांब कुठंतरी हॉर्न. मग एकदम, चक्क आनंदानं, "नीरबंतु!" आणि थोड्या वेळानं पुन्हा जड आवाजात, "प्लीहा हाताला लागत नाही."

नीरबंतु म्हणजे काय गं? लिव्हर आणि प्लीहा यांच्या मधलं काही आहे का? माझ्याकडच्या पुस्तकात नाही. तू म्हणालीस शब्द चमत्कारिक वाटला तरी खरा असतो, म्हणून मी जागा न सोडता कानाला आलं तसं स्पेलिंग टाइप केलं. साहेबांनी सही केली, म्हणजे बरोबरच असणार. सही मात्र रेघेच्या वर, टाइप केलेल्या ओळीवरच आली. पान खराब झालं म्हणून मला वाईट वाटलं.

काल मला स्वप्न पडलं की भोकरच्या तळ्यात पाणी नाही आणि तळाच्या भेगांतून शब्द डोकं वर काढताहेत. मी ओंजळीत धरायला गेले की नुसती माती.

तुझी
सिंधु


नांदेड
११ एप्रिल १९८६

चि. सिंधु,

नीरबंतु डिक्शनरीत नाही. एन पासून सगळं पालथं घातलं. मेट्रनबाई म्हणाल्या, काय शोधतेस, म्हटलं भाचीचं हरवलंय काहीतरी. आमच्या लहान डॉक्टरांना सहज विचारल्यासारखं विचारलं. त्यांनी कपाळाला आठ्या घालून "हो, हो, असतं असं" म्हटलं, म्हणजे त्यांनाही माहीत नाही. त्यांना माहीत असलं की ते हळू बोलतात.

अंदाजानं टाइप केलंस ते चुकलं. नियम तुझ्या साहेबांचा बरोबर आहे. चाळणी झाली तर झाली.

आणि आता स्पष्ट विचारते. तुझ्या पत्रात आवाज, आवाज आणि आवाजच आहे. वाळा काय, दुपार काय, ओंजळ काय. हे डॉक्टर किती वर्षांचे आहेत? घरी बायको आहे का? टायपिंगला गेलीस आणि मन तिथंच विसरून आलीस असं नको व्हायला. राग आला तर येऊ दे. मावशीनं नाही विचारायचं तर कोणी?

सही रेघेवर का नव्हती?

तुझी
मावशी


लातूर
२८ एप्रिल १९८६

ती. मावशीस जयभीम.

राग आला, आणि मग हसू आलं. साहेब साठीला टेकलेत, बायको वारून बरीच वर्षं झाली, आणि मला ते 'नरवाडेबाई' म्हणतात. मन विसरले असेन तर ते शब्दांत. तुला कसं सांगू, ऐकणं हे एकच काम मला आजपर्यंत नीट जमलंय. घरी सगळे बोलायचे, मी ऐकायची. ते काम आहे हे इथं येऊन कळलं. ते माझ्याकडून जाऊ नये, एवढंच वाटतं.

पण ते आता जाणार असं दिसतंय. सोलापूरच्या डॉक्टरांचं पत्र आलंय. 'पेशंटचं ऑपरेशन उत्तम झालं. आपण लिहिलेलं नीरबंतु हे लक्षण आम्हाला नवीन आहे, माझे विद्यार्थी विचारताहेत, कृपया खुलासा करावा.' टपाल मीच उघडते. ते पत्र मी टाइपरायटरच्या खाली सरकवून ठेवलंय. रोज त्याच्यावर बसून काम केल्यासारखं वाटतं.

आणखी शब्द आलेत. एक 'तलेनोव्हावा'. हा दोन-तीनदा आला, नेहमी श्वासानंतर, अगदी बारीक आवाजात. मला वाटतं ही कोणी रशियन डॉक्टरीण असावी. लक्षणांना माणसांची नावं देतातच ना? तलेनोव्हाचं लक्षण. दुसरा 'कन्नकत्तले'. तो परवा एका बाळंतिणीच्या कागदात मधेच आला. दोन्हीला मी जागा सोडली आणि पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढलं, तुझी शपथ. पण साहेबांनी ते पान न वाचताच सही केली. जागा तशीच मोकळी, प्रश्नचिन्ह तसंच. पूर्वी ते स्वल्पविरामसुद्धा दुरुस्त करायचे. व्यंकटी म्हणतो, "उनाचं हाय. सायेब आताशा कपाळ दाबून बसत्यात. चष्मा बदला म्हनलं तर खेकसले माझ्यावर."

म्हणजे मला वाटतं, त्यांनी मला नापास करून टाकलंय. आता वाचायचीही तसदी घेत नाहीत. लवकर शोध मावशी.

तुझी
सिंधु


नांदेड
६ मे १९८६

सिंधु,

हे पत्र वाचून झाल्यावर उठ आणि साहेबांच्या खोलीत जा. आधी वाच.

काल ड्यूटीच्या वेळी तुझे शब्द कागदावर लिहून वॉर्डातल्या टेबलावर ठेवले होते. सुनेच्या बाळंतपणाला आलेली एक म्हातारी खाटेजवळ खाली बसते. शिवम्मा तिचं नाव, देगलूरच्या पलीकडची, कानडी मुलखाला लागून गाव. दिवसभर तिचं 'इल्ला, इल्ला' चालतं. इल्ला म्हणजे नाही. पाणी इल्ला, दूध इल्ला, झोप इल्ला. मी डिक्शनरी उघडून तोंडानं पुटपुटत होते, तलेनोव्हा, तलेनोव्हावा. म्हातारी खुदकन हसली.

"बाई, कुनाचं डोस्कं दुकतंय?"

मी म्हटलं, काय?

"आमचं बोलनं हाय की ह्ये. तले म्हंजी डोस्कं, नोवु म्हंजी दुकनं. तलेनोवु अव्वा. डोस्कं दुकतंय गं माय."

सिंधु, माझ्या हातातून डिक्शनरी पडली नाही एवढंच. मग मी तिला एकेक विचारलं. नीरु बंतु म्हणजे पाणी आलं. टँकरचा हॉर्न ऐकून कोणीतरी झोपेत आईला सांगत होतं की पाणी आलं. तुझी रशियन डॉक्टरीण म्हणजे डोकेदुखी आहे, आणि ते तिसरं, कण्णिगे कत्तले, म्हणजे डोळ्यांपुढं अंधार.

म्हातारीनं विचारलं, "लेकरू हाय का कोन? मोटा मानूस आईला असं सांगत न्हाई."

आता नीट ऐक. मी डॉक्टर नाही. पण डोकं दुखतं, डोळ्यांपुढं अंधार येतो, सही रेघेवर बसत नाही, बोलता बोलता झोप लागते आणि झोपेत पार लहानपणची भाषा वर येते, एवढं सगळं एका माणसाला होतं तेव्हा वॉर्डातली कोणतीही सिस्टर मोठ्या डॉक्टरांना बोलवायला पळते. त्यांनी तुला नापास केलेलं नाही. त्यांना पान दिसत नाही. ते उन्हाचं नाही. ते डोक्यातलं असू शकतं, आणि डोक्यातलं थांबत नाही.

तू कामाला जपतेयस, मला कळतं. पण त्या माणसानं तीन वेळा सांगितलंय की मला दुखतंय, आणि ते जगात फक्त तू ऐकलंयस. सोलापूरचं पत्रही दे.

तुझी
मावशी


(कार्ड)
नांदेड
२४ मे १९८६

चि. सिंधु, जयभीम. पत्राचं उत्तर नाही. पोचलं की नाही? जे झालं असेल ते लिही. कामावरून काढलं असेल तर सरळ नांदेडला ये, भोकरला जाऊ नकोस, माझ्या खोलीत जागा आहे. शिवम्मा रोज विचारते, "त्या लेकराचं डोस्कं दुकायचं थांबलं का?" नातू झाला तिला. — मावशी


लातूर
२ जून १९८६

ती. मावशीस जयभीम.

पत्र पोचलं होतं. लगेच उठायचं सोडून मी काही दिवस नुसती बसून राहिले. रोज ठरवायची आणि रोज टाइपरायटरवरचं कापड काढून काम सुरू करायची. भीती कशाची ते तुला ठाऊक आहे. एवढ्या मोठ्या माणसाला जाऊन काय म्हणायचं, साहेब, तुमचे शब्द शब्द नाहीत? पण नंतर टेपमध्ये पुन्हा आलं. या वेळी अव्वा नव्हतं. नुसतं 'तलेनोवु' आणि कण्हणं. आता मला अर्थ कळत होता, त्यामुळं ते ऐकून पुढं टाइप करता येईना. मी टेप बंद केली, यंत्र उचललं, नीरबंतुची जुनी टेपही घेतली, हेडफोन गळ्यात तसाच, आणि आत गेले.

साहेब डोळे मिटून बसले होते. मी आधी सोलापूरचं पत्र ठेवलं. त्यांनी ते डोळ्याजवळ, फार जवळ नेलं.

"हे काय आहे? नीरबंतु? हे तुम्ही टाइप केलंत?"

"हो साहेब."

"मी असा शब्द उच्चारलेला नाही, नरवाडेबाई. अंदाजानं टाइप करायचं नाही हे मी पहिल्या दिवशी सांगितलं होतं. कानांचं काम आहे हे. कान ठीक नसतील तर..."

मावशी, त्या क्षणी मला दादांचं शिलाई मशीन अगदी समोर दिसलं. पायडलसकट. मी म्हटलं, "साहेब, तुम्ही ऐका." आणि त्यांच्या डोक्यावर माझ्या हातानं हेडफोन घातला. एक बाजू कानावर बसेना, ती दाबून बसवली. मग बटण दाबलं. मला काही ऐकू येत नव्हतं. मी फक्त त्यांचा चेहरा बघत होते.

आधी चेहऱ्यावर राग होता. मग तो कुठं गेला कळलं नाही. ते मला म्हणाले, "हा मुलगा कोण आहे?"

मी म्हटलं, "तुम्हीच आहात."

त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा ऐकलं. मग मी ती जुनी टेप लावली. टँकरचा तुकडा आला असावा, कारण ते एकदम हसले आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मग सांगायला लागले, मला नव्हे, खिडकीकडं बघून. भालकीकडच्या एका खेड्यात त्यांचा जन्म. सात वर्षांचे असताना इथल्या मुरुडकरांकडं दत्तक आले. नव्या आईनं पहिल्याच दिवशी मांडीवर घेऊन सांगितलं, आता ती भाषा नाही बोलायची, आता मी तुझी आई. त्यांनी ऐकलं. त्या दिवसापासून एक शब्द नाही. पुण्याला शिकले, मराठी अशी कमावली की लोक त्यांना पुण्याचेच समजतात. "मला वाटलं होतं मी विसरलो," म्हणाले. "बाई, मला अजून येतं."

मग एकदम डॉक्टर झाले. विचारलं, हे कधीपासून आहे, सगळ्या टेप आणा. तारखेवार ऐकत गेले. मग म्हणाले, टाइप करा. मी बसले. "पेशंट पुरुष, वय अठ्ठावन्न. तक्रार..." आणि थांबले. मी वाट बघितली. "तक्रार डोकेदुखी. पेशंटनं ती लपवली." मी विचारलं, हे शेवटचं वाक्य घ्यायचं? म्हणाले, घ्या.

मी माफी मागितली, आधीच विचारायला हवं होतं म्हणून. तर म्हणाले, "आधी विचारलं असतंत तर मी तुम्हालाच कान साफ करायला सांगितलं असतं."

त्यांचे जुने विद्यार्थी येऊन त्यांना हैदराबादला घेऊन गेले. डोक्यात गाठ आहे. ऑपरेशन आहे. दवाखाना अर्धवट चालू आहे, मी रोज जाते, यंत्र पुसते. व्यंकटीनं काल कोणाला न सांगता वाळ्याच्या पडद्यावर तांब्याभर पाणी मारलं. मी पडद्याजवळ जाऊन बसले.

मला भीती वाटते मावशी. कामाची नाही.

तुझी
सिंधु


नांदेड
२० जून १९८६

चि. सिंधु,
जयभीम.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा रडले, हे आईला कळवू नकोस. तुला मी मन विसरून आलीस म्हटलं होतं, ते शब्द परत घेते.

तू विचारलं नाहीस तरी खरं सांगते. ऑपरेशननंतर माणूस उठतो, चालतो, पण कधी कधी बोलणं मागं राहतं. काय म्हणायचं ते माहीत असतं आणि दुसराच शब्द बाहेर येतो. कधी येतच नाही. आमच्याकडं असा एक मास्तर होता, दुपारचं जेवण मागताना 'घंटा' म्हणायचा. आणि ज्याला दोन-तीन भाषा येतात त्याची कुठली भाषा आधी उठून बसेल सांगता येत नाही. तयारी ठेव.

शिवम्मा नातू घेऊन गावी गेली. जाताना माझ्या गालावर हात फिरवून म्हणाली, "त्याला म्हनावं, आईला हाक मारली की निम्मं दुकनं थांबतंय." असं काही डिक्शनरीत नाही. पण सांगते.

तुझी
मावशी


लातूर
१९ ऑक्टोबर १९८६

ती. मावशीस,
सिंधुचा जयभीम.

साहेब परत आले.

आधी हैदराबादचा रिपोर्ट आला होता. तिथल्या कोणी टायपिस्टनं टाइप केलेला, स्वच्छ. गाठ साधी निघाली, पूर्ण काढली. खाली लिहिलं होतं, पेशंटला सध्या डिसफेजिया. मला वाटलं, घास उतरत नाही की काय त्यांना. मग अक्षरं बोट लावून वाचली. जबानीचा ज होता. मावशी, त्याचं बरं वाटावं की वाईट हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

टोपी घालून येतात, केस अजून पुरते आले नाहीत. पेशंट त्यांचे विद्यार्थी बघतात, साहेब शेजारी बसून नाडी धरतात. शब्द अडतात. स्टेथास्कोपला 'घागर' म्हणाले आणि स्वतःच मान हलवली. मराठी लंगडत येते, इंग्रजी त्याहून लंगडत, कानडी मात्र सगळ्यांच्या आधी पळत येते. व्यंकटी मला हळूच म्हणाला, "सायेबाचं डोस्कं उगडलं तवा आतून दुसरंच लेकरू निगालं बघा." बोलणं बरोबर आहे त्याचं. पेशंटमध्ये कोणी निलंगा-उदगीरकडची म्हातारी आली की साहेब तिच्याशी बोलत बसतात आणि मागची रांग खोळंबते. कोणी तक्रार करत नाही.

मी त्यांना शिवम्माचा निरोप सांगितला. ते खिडकीकडं बघत राहिले. अडले होते का आठवत होते, मला कळलं नाही.

परवा त्यांनी मला बोलावून एक कागद पुढं सरकवला. माझ्या कायम नेमणुकीचा. दिवाळीला अजून अवकाश आहे, पण म्हणे आत्ताच. सही माझ्यासमोर केली. पेन धरून रेघ शोधली, तिच्यावर टोक टेकवलं आणि सावकाश काढली. रेघेच्या वर नाही, खाली नाही. दादांना मशीन दुसऱ्या कोणासाठी ठेवा म्हणून कळव, तुझं ते ऐकतील.

आणि काल त्यांनी टेप मागितली. दुपारी जेवून, आरामखुर्चीत, पूर्वीसारखे. आज सकाळी मी हेडफोन लावला. पेन्सिल टोक करून शेजारी ठेवली होती, भरपूर जागा सोडाव्या लागणार म्हणून.

आधी पंखा. मग श्वास, पण झोपेतला नव्हे, शब्द शोधणाऱ्या माणसाचा. मग चौकातून टँकरचा हॉर्न आणि अगदी जागेपणी, मला चिडवल्यासारखं, "नीरु बंतु, नरवाडेबाई." आणि हसणं. मी एकटी खोलीत हसले. मग पुन्हा इंग्रजी, एकेक पायरी चढल्यासारखं. "पेशंट... पुरुष... अठ्ठावन्न. ऑपरेशननंतर... चौथा महिना. तक्रार..."

तिथं ते थांबले. टेप फिरत राहिली. वाळ्याचा पडदा हलला तोसुद्धा ऐकू आला. ते इंग्रजीत शोधत होते, मग मराठीत शोधत होते, मला कळत होतं कुठं शोधताहेत. मी की-बोर्डावर बोटं ठेवून बसून राहिले. पुढं सरकवली नाही.

मग म्हणाले, "तलेनोवु इल्ला."

मी टाइप केलं, डोकेदुखी नाही. पेन्सिल तशीच टोकदार पडून आहे.

तुझी
सिंधु